बाराव्या गड्याची ओळ

वसईच्या नवतारा हॉकी मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने मंडळाच्या खोलीत एक मोठा फलक लावायचं ठरलं, आणि त्या फलकापायी एकनाथ चुरीला सत्तराव्या वर्षी जो घोर लागला तो काही केल्या सुटेना.

फलक तसा साधाच होता. वर मंडळाचं नाव, खाली पहिल्या संघातले बारा खेळाडू. प्रत्येकाचं नाव, तो कुठे खेळायचा ती जागा, आणि पुढे एक ओळ: हा गडी खेळायचा कसा आणि त्याचं बळ कशात होतं. माणिकपूरच्या एका दुकानातून तो छापून, चौकट घालून मिळणार होता. प्रश्न एवढाच होता की ओळी लिहायच्या कोणी.

ज्याने त्याने आपापली लिहावी असं सोपं उत्तर कोणीही दिलं असतं, पण नवतारात ते चालत नव्हतं. मंडळाची एक जुनी चाल होती. सामना संपला की सगळे मैदानाच्या कडेला सुरूच्या झाडांखाली बसायचे आणि झाल्या खेळाबद्दल बोलायचे. मात्र स्वतःच्या खेळाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. दुसऱ्याने काय केलं तेवढंच सांगायचं. ज्याच्या तोंडून "मी" निघाला त्याने सगळ्यांच्या स्टिका खांद्यावर घ्यायच्या आणि घरोघरी पोचवायच्या. ही चाल कोणी घालून दिली ते आता कोणाला आठवत नाही. पण शांताराम राऊतने त्या काळात इतक्या स्टिका वाहिल्या की त्याचा उजवा खांदा अजूनही बोटभर खाली आहे, असं गावात सांगतात.

"एकनाथने लिहावं," चंद्रहास म्हात्रे बैठकीत म्हणाला. चंद्रहास संघाचा सेंटर फॉरवर्ड, आता मंडळाचा अध्यक्ष. बँकेत साहेब होता, त्यामुळे त्याचं वाक्य नेहमी सही केल्यासारखं यायचं. "तो बाहेर बसायचा. आम्ही खेळत होतो, त्याने पाहिलंय."

बोलण्यात खोट नव्हती. एकनाथ संघातला बारावा. कोणी लंगडला, कोणाला भोवळ आली, कोणाच्या घरून सांगावा आला, की एकनाथ आत. एरवी तो रेषेबाहेर बसायचा.

"आणि एकनाथकाकांची ओळ?" टिफनीने विचारलं. टिफनी तुस्कानो मंडळाची आताची चिटणीस. वय सव्वीस. मुलींच्या संघाला तीच शिकवते. जुन्या संघाचा गोलकीपर इनास तुस्कानो याची ती नात.

"ती आम्ही सगळे मिळून लिहू की," चंद्रहास म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला.

एकनाथने तीन संध्याकाळी बसून अकरा ओळी लिहिल्या. त्याला आठवावं लागलंच नाही. डोळे मिटले की मैदान समोर यायचं आणि एकेक जण आपापल्या चालीने पळायला लागायचा. अकरांपैकी चौघे आता हयात नव्हते, एक लेकाकडे कॅनडाला राहत होता. पण एकनाथच्या मिटल्या डोळ्यांपुढे सगळेच पंचविशीचे होते.

शांताराम राऊत, राइट आउट. त्याच्यापुढे एकनाथने लिहिलं: 'रेषेवरून पळायचा. बॉलला तीनदा स्टिक लागली की मान वर करून आत शिरायचा. बळ पायांत.' त्यापुढे 'त्याहून जास्त तोंडात' असं लिहिलं होतं, ते त्याने नंतर खोडलं.

चंद्रहास म्हात्रे, सेंटर फॉरवर्ड: 'पहिल्या फटक्यात बॉल कधी सापडला नाही, दुसऱ्यात कधी चुकला नाही. गोलच्या उजव्या खांबाशी थांबायचा. न बघता मारायचा.'

श्रीरंग सावे, फुलबॅक. हा कोणाच्या अंगावर जायचा नाही. समोरचा बॉल घेऊन आला की त्याच्याशी बोलायला लागायचा. एकदा मुंबईच्या एका गिरणीच्या संघाचा फॉरवर्ड वाऱ्यासारखा आला, तर श्रीरंगने शांतपणे विचारलं, "काय रे, बहिणीचं जमलं का?" त्याच्या बहिणीचं खरोखरच कुठेतरी बोलणं चाललं होतं. याला कसं कळलं म्हणून तो क्षणभर थांबला, आणि बॉल श्रीरंगच्या स्टिकेवर. फलकावर एवढं मावणार नव्हतं, म्हणून एकनाथने लिहिलं: 'धक्का न लावता अडवायचा. बळ चौकशीत.'

इनास पाचूबंदराकडचा. जाळं ओढून ओढून त्याचे हात असे झाले होते की त्याच्या मापाचे हातमोजे मिळायचे नाहीत. 'डावा पाय पुढे ठेवून गात उभा राहायचा. गाणं थांबलं की बॉल येतोय हे बाकीच्यांना कळायचं.'

आणि दोघे रुमाव भाऊ, हाफबॅक. त्यांच्यापुढे एकनाथने फार विचार करून लिहिलं: 'एकमेकांना पास अचूक देत.' खोटं काही नव्हतं. तिसऱ्या कोणाला त्यांनी कधी पास दिल्याचं एकनाथने पाहिलं नव्हतं.

ओळी लिहून झाल्याची बातमी गावभर फिरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांताराम वाडीतल्या राजेळी केळ्यांची फणी घेऊन दारात हजर.

"सहज आलो," तो म्हणाला.

"गेल्या अकरा वर्षांत सहज आला नाहीस," एकनाथ म्हणाला.

"अरे, वाडीत केळी उतरली. म्हटलं, आमचा एका उपाशी मरायला नको." मग खुर्ची पुढे ओढून हळूच, "शांताराम डाव्या बाजूनेही खेळायचा, एवढं टाकशील?"

"कधी खेळलास डाव्या बाजूने?"

"एकदा. विरारला."

"त्या दिवशी तू बाजू चुकला होतास. पंचाने हाताला धरून उजवीकडे आणला."

"पण तोवर खेळलो ना!"

एकनाथने केळी ठेवून घेतली आणि ओळ बदलली नाही. पण विषय निघालाच होता, म्हणून त्याने घसा खाकरला. आता पंचाईत अशी की नियम त्यालाही होताच. 'मी' म्हणायची सोय नव्हती.

"बरं शांताराम, तो बारावा होता ना आपल्यात. त्याचं काय लिहावं म्हणतोस?"

"बारावा कोण? हां, तू!" शांतारामचा चेहरा खुलला. "अरे, काय लिंबं कापायचास तू! अर्ध्या वेळेला ती फोड तोंडात धरली की वाटायचं आता पाच गोल करावे. एकीत बी सापडली नाही कधी. आणि मीठ बेतात."

"खेळाचं विचारतोय."

"खेळाचं..." शांतारामने वर सुपारीच्या शेंड्याकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. "सांगतो आठवून," म्हणाला आणि चपला घालून निघाला.

मग एकनाथ स्वतःच फिरायला निघाला. प्रत्येकाच्या दारात त्याची ओळ वाचून दाखवायची, आणि निघता निघता बाराव्याचा विषय काढायचा.

श्रीरंगने आपली ओळ ऐकून तीन वेळा "वा" म्हटलं. पण बाराव्याचं विचारल्यावर तो खरोखरच चकित झाला. "तू खेळायचास?"

"एकोणीस सामने," एकनाथ म्हणाला. "म्हणजे बाराव्याचे. एकोणीस."

"अरे बापरे! आणि तेव्हा लिंबं कोण कापायचं?"

इनास अंगणात जाळं विणत होता. त्याची तर जीभच सैल. "तू? तू माज्या प्याडाचे पट्टे शिवायचास. मोची नको नि कोन नको. सुई घेऊन बसायचास. तुज्यासारखा टाका आजून कोनाचा पाहिला नाय."

"खेळाचं सांग, इनास."

"बाला, मी गोलात उभा. तिथून माज्याकडे येनारे दिसायचे. तू तर कदी माज्याकडे आलाच नाय."

चंद्रहासने माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये बसवून चहा पाजला आणि बराच विचार करून एक शब्द दिला: "शिस्त. वेळेवर यायचास."

"वेळेवर तर दूधवाला पण यायचा," एकनाथ म्हणाला.

रुमाव भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरला म्हणाला, "विचार करून सांगतो." धाकटा म्हणाला, "हो, विचार करून." बस.

एकनाथ घरी आला तेव्हा त्याची बायको शांता तांदूळ निवडत होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचा एकही सामना पाहिला नव्हता, पण त्याचा चेहरा बघून खेळ कळत होता.

"झाली का कोणाला आठवण?"

"लिंबं आठवली. टाका आठवला."

"मग लिहा ना, बसण्याची शैली उत्तम. एवढा वेळ रेषेबाहेर बसून दाखवायचं म्हणजे काय गंमत आहे? माझ्या भावाला तर दहा मिनिटं एका जागी बसवत नाही."

एकनाथ हसला नाही. तेवढ्यात फोन वाजला. टिफनी होती.

"काका, सोमवारी सकाळी मजकूर दुकानात द्यायचाय. अकरा ओळी टाइप झाल्या. मस्त लिहिल्यात तुम्ही, आमच्या मुली वाचून लोटपोट झाल्या. तुमची तेवढी राहिलीय. नाही आली तर मी नुसतं 'राखीव' टाकते. चालेल ना?"

"चालेल," एकनाथ म्हणाला, कारण त्या पोरीला नाही म्हणणं कोणालाच जमत नसे.

आणि मग तो ताटावर बसला तर भात नुसता चिवडत राहिला. राखीव! एसटीत खिडकीवर लिहिलेलं असतं तसं. दहा वर्षं मैदानावर गेला. ऊन, धूळ, खारा वारा, सगळं बाकीच्यांइतकंच खाल्लं. उद्या नातवंडं फलकापुढे उभी राहणार, अकरा जणांची ओळ वाचणार, आणि शेवटी आजोबांपुढे वाचणार की ही जागा कोणासाठी तरी धरून ठेवली होती.

"रविवारी खेळायचंय ना तुम्हाला?" शांता म्हणाली. "मग तिथे दाखवा काय ते. इथे भातावर का राग?"

हे मात्र एकनाथच्या ध्यानात आलं नव्हतं. रविवारी सकाळी सोहळ्याचा सामना होता, जुने गडी विरुद्ध मुलींचा संघ. सात-सात जण, पंधरा-पंधरा मिनिटं. आणि जुन्यांपैकी मैदानावर उभे राहू शकणारे मोजून सात होते. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा एकनाथ चुरी सुरुवातीपासून आत असणार होता. असं खेळायचं की त्यांच्या तोंडून काहीतरी निघालंच पाहिजे, असं त्याने ठरवलं आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

रविवारी आठ वाजताच मैदानाच्या कडेने खुर्च्या भरल्या. अर्धा गाव चर्चमधून थेट आला होता, अर्धा घरची पूजा उरकून. इनासने प्याड बांधले तर ते त्याच्या पोटाला लागायला लागले. शांतारामने दोन्ही गुडघ्यांना पट्टे लावले होते. रुमाव भाऊ शेजारी शेजारी उभे होते. मुली सोळा-सतरा वर्षांच्या, कोंबडीच्या पिल्लांसारख्या जागच्या जागी उड्या मारत होत्या.

शिट्टी झाली. टिफनीच पंच होती.

पहिल्याच मिनिटाला बॉल मधोमध एकनाथकडे आला. त्याने मान वर केली नाही. त्याला गरज नव्हती. उजवीकडे शांतारामच्या स्टिकेला तीनदा बॉल लागून परत आलेला, म्हणजे आता त्याची मान वर झाली असणार, आता तो आत शिरणार, पाच पावलं. एकनाथने पुश केला. बॉल गवतावरून सरळ, सुरेख, दोन मुलींच्या मधून गेला आणि गेला तो गेलाच. रेषेबाहेर खुर्चीवर बसलेल्या लुसीबाईंच्या पिशवीला जाऊन लागला.

शांताराम जिथे होता तिथेच होता. मान मात्र वर झाली होती.

"अरे, कुणाला देतोस?" तो ओरडला.

दुसऱ्यांदा बॉल मिळाला तेव्हा एकनाथने चंद्रहासला दिला. म्हणजे गोलच्या उजव्या खांबाशी दिला. बॉल खांबाला लागून टण्णकन आवाज झाला. चंद्रहास मैदानाच्या मध्यावर कमरेला हात लावून श्वास घेत होता.

"एकनाथ, माणूस बघून द्यावा," तो दुरून म्हणाला.

तिसरा पास श्रीरंगला मागे दिला. श्रीरंग डावीकडे एक पाऊल सरकायचा नेहमी. तो सरकला नाही, कारण तो एका मुलीला विचारत होता, "तू कोणाची गं? वटारच्या परेरांची का?" मुलगी म्हणाली, "हो आजोबा," आणि बॉल घेऊन पुढे गेली. आजकालच्या मुलींना उत्तर देता देता पळता येतं, हे श्रीरंगला कोणी सांगितलं नव्हतं. इनासचं गाणं थांबलं. गोल झाला.

अर्ध्या वेळेपर्यंत चार झाले. एकनाथचे सहा पास गेले, सहाही मोकळ्या जागेत. कडेला बसलेली पोरं मोठ्याने मोजत होती. एकनाथला घाम फुटला होता, तो काही पळण्याचा नव्हता. इतकी वर्षं वाट पाहिली आणि आता लोक म्हणणार, बरं झालं याला बाहेर बसवला. त्यापेक्षा राखीव परवडलं.

सगळे धापा टाकत सुरूखाली येऊन बसले, आणि सहाही जण एकदम एकनाथकडे बघायला लागले.

"काय?" एकनाथ म्हणाला.

"लिंबं," श्रीरंग म्हणाला.

"आज खेळतोय ना!"

"खेळतोयस?" शांताराम उसळला. गुडघ्याचा पट्टा सुटून घोट्यावर आला होता. "याला खेळणं म्हणतोस? सहा पास दिलेस. एक मिळाला का कोणाला? कुणाला देत होतास तू? तिथे कोणी नव्हतं!"

"तू होतास," एकनाथ म्हणाला.

"मी?"

"स्टिका!" इनास गरजला.

"थांब रे, ते नंतर. एका, मी कुठे होतो?"

एकनाथने बोटाने जमिनीवर रेघ ओढली. राग आला होता, पण रेघ सरळ आली. "ही कडेची रेषा. तुझ्या स्टिकेला तिसऱ्यांदा बॉल लागला की तू मान वर करायचास. मग आत पाच पावलं. दरवेळी पाच. सहावं नाही. इथे." त्याने खूण केली. "बॉल इथेच आला होता की नाही?"

शांतारामने खुणेकडे पाहिलं. मग मैदानावरच्या त्या जागेकडे पाहिलं. बोटांवर पाच मोजले.

"आणि तो खांबाला लागला तो?" चंद्रहासने विचारलं.

"खांबापासून एक स्टिकभर अलीकडे तू असतोस. पहिला फटका चुकायचा, म्हणून तिथे हळू द्यायचा, म्हणजे दुसरा बसतो. हळूच दिला होता. खांब तेवढा जागेवर होता."

मग श्रीरंग हसायला लागला, आधी नाकातून, मग पोट धरून. "अरे, पास बरोबर आहेत याचे! चाळीस वर्षं उशीर आपल्याला झालाय!"

"हसू नकोस," शांताराम एकदम म्हणाला. तो अजून त्या जागेकडेच बघत होता. "श्रीरंग, पालघरचा सामना आठवतो? हाफबॅक लंगडला आणि हा आत आला. त्यानंतर दोन गोल झाले उजवीकडून."

"तुझे ना ते? गावात मिरवणूक काढली होती तुझी."

"काढली होती. लोक म्हणाले, शांताराम आज काय सुटला! शांतारामला पण तेच वाटलं." त्याने मान खाली घातली. "बॉल आधीच तिथे होता. दोन्ही वेळेला. पोचलो तर बॉल वाट बघत उभा. मला वाटायचं माझं नशीब."

यावेळी 'मी' मोजायचं कोणाला सुचलं नाही.

"मग आता अर्ध्यावर देतो," एकनाथ म्हणाला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याला थोडी लाज वाटत होती. "पाच पावलांऐवजी दोन. चंद्रहासला मध्यावर. चालेल?"

"खबरदार," शांताराम उठला. उठताना त्याने सुरूच्या खोडाला धरलं. "होता तिथेच दे. बदललास तर बघ. पोचायचं कसं ते ज्याचं त्याने बघावं."

पुढच्या पंधरा मिनिटांत वसईने जे पाहिलं तसं पुन्हा दिसेल असं वाटत नाही. एकनाथ पास द्यायचा, पुन्हा मोकळ्या जागेत, आणि सत्तरीतला एक माणूस त्या जागेकडे अशा काही जिद्दीने निघायचा की जणू तिथे पाकीट पडलंय. पहिल्यांदा शांताराम चार पावलांनी चुकला. दुसऱ्यांदा तीन. चंद्रहास खांबाकडे निघाला आणि वाटेत त्याने दोनदा थांबून पाणी मागितलं. श्रीरंगने चौकशा बंद केल्या आणि तोंड मिटून डावीकडे सरकायला लागला. मुली गोल करत होत्या, पाच झाले, सहा झाले, पण कडेची पोरं आता गोल मोजतच नव्हती. ती ओरडत होती, "तीन पावलं! दोन पावलं! आजोबा, दोनच!"

शेवटचं मिनिट. बॉल एकनाथकडे आला. उजवीकडे शांतारामची मान वर झाली. एकनाथने पुश केला, नेहमीसारखा, ना जोरात ना हळू. शांताराम निघाला. एक, दोन, एक गुडघा वाकडा, तीन, चार, तोंडाने कसलातरी आवाज, आणि पाचव्या पावलाला बॉल अलगद येऊन त्याच्या स्टिकेला टेकला.

समोर गोल. गोलकीपर मुलगी एकटी. खांबाशी चंद्रहास, खरोखर पोचलेला.

शांतारामने बॉल सोडला, मागे वळला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "पोचलो! एका, पोचलो रे!"

परेरांच्या मुलीने अदबीने वाकून त्याच्या पायांजवळचा बॉल उचलला, म्हणजे स्टिकेने, आणि पळाली. इनास टाळ्या वाजवत होता. सातवा गोल त्याच्या मागून गेला तेव्हाही तो वाजवतच होता.

सामना संपला. सात-शून्य. जिंकलेल्या मुली शांतारामला हात मिळवायला धावल्या.

पुन्हा सगळे सुरूखाली. टिफनी फोन हातात घेऊन आली. "चला, बाराव्या काकांची ओळ. मला आत्ता पाहिजे. कोण सांगतंय?"

चौघे एकदम बोलायला लागले.

"लिही," शांताराम म्हणाला. "कोण कुठे पोचणार हे पोचणाऱ्याच्या आधी ओळखायचा."

"त्यात 'पास अचूक' हवं," चंद्रहास म्हणाला. "ते महत्त्वाचं."

"अचूक रुमावांच्या ओळीत येऊन गेलंय," श्रीरंग म्हणाला. "'पास जागेवर' लिही. आणि पुढे, 'बाकीचं ज्याचं त्याने बघावं.'"

"हे फलकावर शोभणार नाही."

"तू पोचला नाहीस म्हणून तुला शोभत नाही."

"मी पोचलो होतो! खांबाशी होतो!"

"स्टिका!" तिघे ओरडले.

टिफनीने बोटं थांबवली. "आणि जागा? राइट आउट, फुलबॅक, तसं. इथे 'राखीव' आहे सध्या."

"काढ ते," इनास म्हणाला. "मधी लिही. हा मधी असला म्हनजे आमी कुठं हाय ते कळतंय."

थोरल्या रुमावने घसा खाकरला. इतक्या वर्षांत दोघांनी बैठकीत तोंड उघडलेलं कोणाला आठवत नव्हतं, म्हणून सगळे त्याच्याकडे वळले. "आमची एक तक्रार आहे," तो म्हणाला. "आज याने आम्हाला एकही पास दिला नाही."

"एकही नाही," धाकटा म्हणाला.

"तुम्ही दोघे कधी मोकळे असता का?" एकनाथला राहवलं नाही. "आणि टिफनी, ते 'ओळखायचा' नको, त्याऐवजी..."

"तू गप!" इनास खेकसला. "तुज्याबद्दल तू बोलायचं नाय. नियम हाय."

"पण तो शब्द..."

"गप म्हनलं ना!"

एकनाथ गप्प बसला. पाठ सुरूच्या खोडाला टेकवून त्याने पाय लांब केले. समोर चंद्रहास 'अचूक'साठी अडून बसला होता, श्रीरंग त्याला घरची खुशाली विचारून गप्प करायला बघत होता, शांताराम आपली पाच पावलं पुन्हा टाकून दाखवत होता आणि रुमाव भावांनी तक्रार दुसऱ्यांदा मांडायला घेतली होती. सहा म्हातारे त्याच्या एका ओळीवरून हातघाईवर आले होते, आणि भांडण मिटावं अशी एकनाथला मुळीच घाई नव्हती.